कोटवाले आणि बंडीवाले

रातकिडे ओरडायला लागले की लोकांची झोप उडते. काकूंची झोप ते गप्प झाले की उडायची. त्या दिवशी उजाडता उजाडता त्या दचकून उठल्या त्या ह्याच कारणाने. एरवी मागची शेड अशी किरकिरायची की वाटेने जाणारा कानात बोटं घालून जायचा आणि शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "काकू, तुमच्या पोरांना दूध पाजा हो, कधीची रडतायत!" आता शेडच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादा नर 'किर्र' करून बघत होता आणि कुणी साथ देईना म्हणून आपला आपणच थांबत होता.

काकूंनी केसांची गाठ मारली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेडचं दार लोटलं. पत्रा रात्रभरात जेमतेम निवला होता. आत तोच ओलसर कुबट वास. पाहुण्यांना तो नकोसा व्हायचा, पण काकूंना तो घराचा वास वाटायचा. लाकडी पेट्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या. प्रत्येक पेटीच्या आतल्या कडेला गुळगुळीत पत्र्याची पट्टी, म्हणजे किडा चढायला लागला की घसरगुंडी खाऊन परत खाली. आत लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खायला कोंडा आणि भोपळ्याच्या फोडी, प्यायला ओला कापूस. आणि प्रत्येक पेटीत ओल्या मातीची एक उथळ ताटली. मादीच्या पाठीमागे सुईसारखी नळी असते, ती मातीत खुपसून ती अंडी घालते. मग ताटली काढून उबेला ठेवायची, वरून पोत्याचा ओला तुकडा टाकायचा, की काही दिवसांनी मातीच हलायला लागते. मोहरीएवढी पिल्लं, मुंगीपेक्षाही चपळ.

काकूंनी उबेच्या कोपऱ्यातल्या ताटल्यांवरचं पोतं उचललं. माती हलत नव्हती. नखाने उकरून पाहिली. अंडं एखादं, तेही वाळलेलं. दुसरी ताटली तशीच. तिसरी उकरायचा धीर त्यांना झाला नाही.

हा उद्योग काकूंच्या नवऱ्याचा. तो गावाबाहेरच्या तांदळाच्या गिरणीवर पहारेकरी होता आणि सगळे त्याला पहारेकरीच म्हणायचे. गिरणीच्या आवारात उंच खांबावर भला मोठा पांढरा दिवा होता. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पुन्हा कापणी झाल्यावर, त्या दिव्यावर रातकिड्यांचा पूर यायचा. भिंतीवर किडे, पोत्यांवर किडे, पहारेकऱ्याच्या डब्यात किडे. दुसरा असता तर झाडू घेऊन बसला असता. ह्याने बादली घेतली. पक्षी पाळणाऱ्यांना हे खाद्य सोन्यासारखं लागतं हे त्याला कुठूनसं कळलं होतं. आधी नुसते पकडून विकले, मग पेट्या ठोकल्या आणि मग घरी पैदास सुरू केली. तो गेला तेव्हा काकूंच्या पदरी दोन गोष्टी ठेवून गेला: एक लेक आणि ही शेड. ह्या किड्यांनी काकूंना कुणापुढे हात पसरू दिला नाही. लेकीचं शिक्षण, लग्न, स्वतःचं दुखणंखुपणं, सगळं किड्यांनी काढलं. म्हणून शेडमध्ये शिरताना काकू चपला बाहेर काढत. कुणी हसलं तर म्हणत, "हसा. ज्याचं खातो त्याच्या दारात पायताण कशाला?"

पहारेकऱ्याने जाताना एक नियमही ठेवला होता. रातकिडे दोन तऱ्हेचे. काहींचे मागचे पंख लांब, अंगाबाहेर आलेले, कोटाची शेपटी लोंबावी तसे. काहींचे पंख आखूड, पाठ जेमतेम झाकणारे, बंडी घातल्यासारखे. पहिले ते कोटवाले, दुसरे बंडीवाले. पहारेकरी म्हणायचा, "दिव्यावर येतो तो कोटवाला, तोच जातिवंत. बंडीवाला म्हणजे अर्धवट राहिलेला माल. बियाण्याला कोटवालेच ठेवायचे, बंडीवाले आधी विकायचे. खाण तशी माती." धान्याचं बियाणं काढताना टपोरं कणीस बाजूला ठेवतात, तसंच हे. ह्यात चूक काढायला जागाच कुठे होती?

तो गेल्यावर काकू दर खेपेला स्वतः गिरणीवरून बादली भरून आणत. पण गेल्या कापणीनंतर गिरणीच्या मालकाने खांबावरचा पांढरा दिवा काढून मिणमिणता पिवळा लावला. तांदळात किडे पडतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत होतं. पिवळ्या दिव्याकडे किडा ढुंकून बघेना. उन्हाळा सरत आला तरी बादली रिकामी राहिली. मग घरच्याच पेट्यांमधून कोटवाले निवडून काकूंनी बियाण्याला ठेवले, त्यांच्या पोटचे पुन्हा निवडले, आणि प्रत्येक खेपेला शेडचा आवाज कमी कमी होत गेला.

त्याच दिवशी दुपारी लावेवाला आला. हे काकूंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पलीकडच्या गावात तो लावे पक्षी पाळायचा, आणि लाव्यांच्या सहवासात राहून त्याची मानही तशीच आत-बाहेर व्हायला लागली आहे, असं लोक म्हणत. गाडी लावून तो सावलीला टेकला.

"काकू, पुढच्या आठवड्यात माझी अंडी फुटतायत. पिल्लांना बारीक किडे पाहिजेत. मोहरीएवढे."

"बघते," काकू म्हणाल्या.

"मागच्या वेळी पण 'बघते'च म्हणालात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच काकूंना जास्त लागलं. "मी काय बाहेरचा आहे का? पण उबवणीच्या मशिनमधली अंडी माझ्यासाठी थांबत नाहीत. तुमच्याकडून झालं नाही तर मला कायमचा दुसरा माणूस धरावा लागेल. त्याची सगळा माल एकाच ठिकाणाहून घ्यायची अट आहे."

काकूंनी त्याच्यासाठी चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर लावेवाला जायला उठला आणि गाडीवर बसून, जणू आत्ताच आठवल्यासारखं, म्हणाला, "आणि हो. तुमचे व्याही भेटले होते बाजारात. रविवारी येतो म्हणाले. सुनेला न्यायला."

लेक तेव्हा मागे टाकीपाशी पोती भिजवत होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही. तिचा स्वभावच असा, की विहिरीत दगड टाकावा आणि आवाज येऊ नये. दोन वर्षं सासरी काढून ती गेल्या थंडीत एका पिशवीनिशी परत आली होती. का आली, ते काकूंनी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर काहीतरी करावं लागेल, ही भीती. चार बायकांत विषय निघाला की काकू म्हणत, "आलीये थोडे दिवस. माझे गुडघे धरलेत ना." गुडघे खरोखरच धरले होते, त्यामुळे अगदीच खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही. लेक दिवसा लोकांच्या शेतात निंदणीला जायची, आणि शेडमधलं हलकं काम, म्हणजे घाण काढणं, पोती भिजवणं, विकायचे बंडीवाले वेचून डब्यात भरणं, तेवढं तिच्याकडे होतं. बियाण्याच्या पेट्यांना काकू तिला हात लावू देत नसत.

जेवताना काकूंनी विषय काढला. "रविवारी तुझे सासरे येतायत."

"ऐकलं मी."

"शेड बसायला आली, पोरी. तुझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं. मी अशी किती दिवसांची? उद्या माझं काही झालं तर तू ह्या रिकाम्या पेट्या उराशी धरून बसणार का? तिथं निदान छप्पर आहे. दोन वेळचं आहे."

लेक ताटातला भात एका कडेला सारत राहिली. "तू काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? तुझं घर आहे ते."

"बरं," लेक म्हणाली आणि ताटं उचलून बाहेर गेली. काकूंना वाटलं होतं ती रडेल, भांडेल, काहीतरी बोलेल.

सकाळी काकू बियाण्याचे किडे निवडायला बसल्या. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा. ट्रे झटकायचा, कोटवाला दिसला की डावीकडे, बंडीवाला दिसला की उजवीकडच्या डब्यात. कोटवाल्यांच्या पेटीवर दुहेरी जाळी, कारण झाकण जरा सरकलं की हे उडालेच. कोटवाले काही कमी नव्हते. उलट पेट्या दाटीच्या झाल्या की कोटवालेच जास्त निपजायचे, आणि काकूंना त्याचा अभिमान होता. दिसायला कसे तुकतुकीत! आणि ताटल्या मात्र कोरड्या.

लेक दारात उभी राहून बघत होती. "आई, ह्या खेपेला बंडीवाले ठेवून बघ ना."

"काय ठेवू?"

"बंडीवाले. बियाण्याला."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. रात्रभराची घुसमट त्यांच्या जिभेवर येऊन बसलेलीच होती. "तुझ्या बाबांनी सगळा जन्म ह्यात घातला. दिव्याखाली उभं राहून एकेक किडा पारखलाय त्या माणसाने. आणि तू मला शिकवणार? स्वतःचं घर धड सांभाळता आलं नाही आणि—"

पुढचं त्यांनी गिळलं, पण बाण सुटायचा तो सुटलाच होता. लेकीने उजवीकडचा डबा उचलला, झाकण लावलं आणि निघून गेली. काकू तशाच बसून राहिल्या. एक कोटवाला त्यांच्या मनगटावर चढून चावला, तरी त्यांनी झटकला नाही.

शनिवारी लेकीने आपली पिशवी भरली. भरायला फार काही नव्हतंच. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, जरा मागे येतेस? माझ्यामागे त्यांना पाणी घालणारं कुणी नाही, म्हणून सांगतेय."

"कुणाला?"

लेक पुढे झाली. न्हाणीघराच्या मागच्या अंगाला सिमेंटचं एक फुटकं टाकं पडलेलं होतं. पूर्वी त्यात पाणी साठवायचे. आता त्यात मोडकी घमेली टाकलेली असायची. घमेली दिसत नव्हती. वरून जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधलेला. आणि त्या तुकड्याखालून, भर दिवसा, एक सबंध वरात वाजत असल्यासारखा किर्र किर्र आवाज येत होता. काकूंना गेले काही दिवस वाटत होतं की शेजारणीच्या परड्यात रातकिडे माजलेत.

लेकीने गाठ सोडली. आत ट्रे उभे मांडलेले, सुटसुटीत, दाटी नाही. काळेभोर बंडीवाले इकडून तिकडे पळाले. आणि कडेला ठेवलेल्या एका पसरट भांड्यातली माती हलत होती. हलत कसली, उकळत होती.

काकूंना पहिल्यांदा आला तो रागच. "विकायला दिलेला माल तू चोरून ठेवलास?"

"मूठभर ठेवले, थंडीत आले तेव्हापासून. बाकी सगळे विकलेत. मी तुला तेव्हाच एकदा म्हणाले होते. तू म्हणालीस, बाबांचं मोडू नकोस. मग मी बोलले नाही."

काकू खाली वाकल्या. गुडघ्याने कळ दिली, तरी टाक्याच्या कडेला धरून त्या मातीत बसल्या. जवळ पडलेल्या चमच्याने दुसऱ्या भांड्यातली माती उकरली. चमच्यात माती कमी आणि अंडी जास्त. तांदळाच्या कणीसारखी, पांढुरकी, एकाला एक लागून. त्यांनी पुन्हा दुसऱ्या बाजूने उकरलं. तिथेही तेच. घाईने आणखी उकरायला गेल्या तसा लेकीने त्यांच्या हातून चमचा काढून घेतला. "हळू. चिरडतील."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. चल, दाखवते."

दोघी बाहेर पडल्या. ऊन टाळूवर आलं होतं. लेक ज्या शेतात निंदणीला जायची ते ओढ्यापलीकडे होतं. पीक निघालेलं, रान नांगरून ढेकळं तापत पडलेली. बांधाच्या कडेला जरा ओल होती. लेकीने खुरप्याने एक ढेकूळ उलटवलं. खाली दोन रातकिडे, दोन्ही बंडीवाले. दुसरं उलटवलं. बंडीवाला. मग दगड उचलला, पाल्याचा ढीग सारला. काकूही विसरून गेल्या की आपल्याला वाकता येत नाही; हाताने ढेकळं उलटी करत बांधाने पुढे पुढे सरकल्या. कोटवाला क्वचित कुठे दिसायचा, आणि दिसला तरी गर्दीतच. बाकी सगळीकडे बंडीवाल्यांचं राज्य.

"थंडीत तर एकसुद्धा कोटवाला नसतो," लेक म्हणाली. "निंदताना रोज बघायचे मी. उन्हाळ्यात गर्दी वाढली, ओल कमी झाली की मग कोटवाले निपजायला लागतात. ते इथून उडून जातात. बंडीवाले इथेच राहतात, इथेच अंडी घालतात. आई, शेतात जास्त हेच आहेत. दिव्यावर हे कधी आलेच नाहीत, कारण ह्यांना उडताच येत नाही."

काकू बांधावर बसल्या. घाम डोळ्यांत उतरत होता. पदराने तो पुसून म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं चुकलं म्हणतेस? जन्मभर चुकलं?"

"बाबांचं काय चुकलं? ते दिव्यापाशी बसलेले. दिव्यापाशी जो येणार तोच दिसणार."

"मग इतकी वर्षं कसं चाललं? तेव्हा कोटवालेच होते की बियाण्याला. पेट्या फुटायच्या पिल्लांनी."

"ते दिव्यावरून पकडलेले कोटवाले होते. दरवर्षी नवे. ते उडून आलेले असायचे ना. तुला आठवतं का, बाबा पेटी झाडायचे तेव्हा खाली पंखांचा कचरा पडायचा? मला खेळायला द्यायचे तो."

काकूंना आठवलं. पातळ, काचेसारखे लांब पंख, केरसुणीला चिकटणारे. गेल्या कित्येक महिन्यांत तो कचरा शेडमध्ये दिसलाच नव्हता आणि आपण एकदाही त्याचा विचार केला नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"उडून खाली उतरलेली मादी स्वतःच पंख टाकते," लेक म्हणाली, "मागच्या पायांनी ओढून. आणि मग अंडी घालायला लागते, बंडीवालीसारखीच. पण ह्या आपल्या पेटीत जन्मल्या. वर जाळी, त्यावर दुसरी जाळी. कधी उडाल्याच नाहीत. मग पंख धरूनच बसतात. ना उडणं, ना अंडी. आज टाकेल, उद्या टाकेल, म्हणून आपण वाट बघायची, आणि ती तशीच म्हातारी होऊन मरते."

एवढं सलग लेक परत आल्यापासून पहिल्यांदाच बोलली होती. बोलताना ती खुरप्याने माती कोरत होती आणि काकूंकडे बघत नव्हती. काकू मात्र तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या उजव्या मनगटावर एक जुना, पांढरट वण होता, दाराच्या फटीत बोटं नाही तर मनगट सापडावं तसा. काकूंनी तो आली त्या दिवशीच पाहिला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तिथं काय झालं?"

लेकीचं खुरपं थांबलं. "कोठीच्या खोलीत ठेवायचे. बाहेरून कडी. काही चुकलं की एक दिवस, कधी दोन. नंतर नंतर न चुकताही. नवरा म्हणायचा, बाहेर राहिलीस की तुझं चित्त फिरतं." जरा थांबून तिने सांगितलं, "एकदा दार लोटलं तेव्हा माझा हात मध्ये होता. त्याने दार उघडलं नाही, जोर लावला. त्यानंतर मी निघाले."

शेतात वारा नव्हता. काकूंनी लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, त्या वणावरून अंगठा फिरवला आणि रडल्या. नवरा गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा घरात माणसं होती. लेकीने हात काढून घेतला नाही.

दुपारनंतर दोघींनी शेड खाली केली. दुहेरी जाळ्या सोडवल्या. कोटवाल्यांचं काय करायचं, ह्यावर काकूंनी फार वेळ घालवला नाही. पेट्या अंगणात नेऊन झाकणं काढली आणि ट्रे उलटे करून ठेवले. पोटापुरते लावेवाल्यासाठी डब्यात घेतले, बाकीचे दिवस कलल्यावर एकेक करून कुंपणावरून पलीकडे गेले. काकू त्यांना हात जोडून म्हणाल्या, "जा बाबांनो. तुमचं खाल्लं, तुमचे उपकार आहेत. आता जा." शेजारीण भिंतीवरून बघत होती, ती म्हणाली, "काकू, किडे सोडताय की पोरगी सासरी पाठवताय?" काकू म्हणाल्या, "किडे," आणि कामाला लागल्या.

बंडीवाल्यांना लेकीने सांगितलं तसे विरळ मांडले. कुठल्या पेटीत किती ओल ठेवायची, हे काकू विचारत होत्या आणि लेक सांगत होती, आणि हे असं उलटं चालल्याचं दोघींपैकी कुणालाच काही वाटत नव्हतं. पाण्याचा हात पोत्यांवर मारताना काकू पहारेकऱ्याच्या फोटोसमोरून दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या. "तुम्ही लावलेलंच तुमच्या लेकीने वाचवलं हो," असं त्याला सांगून पुढे झाल्या.

लावेवाल्याला निरोप गेला तसा तो संध्याकाळीच हजर झाला. काकूंनी काचेची बरणी त्याच्यापुढे धरली. आत मोहरीएवढी पिल्लं एकमेकांवर चढत होती. लावेवाल्याने बरणी उजेडात धरली, मान आत-बाहेर केली आणि हसला. "काकू, आता दुसरा माणूस कशाला शोधू? पण हे झालं कसं एका आठवड्यात?"

"एका आठवड्यात नाही झालं," काकू म्हणाल्या. "थंडीपासून चाललंय. मला माहीत नव्हतं. हिला विचार. इथून पुढे माल हिलाच विचारत जा."

लेक पोती पिळत होती. ती लाजली आणि पोतं जरा जास्तच पिळलं.

रविवारी व्याही आले. सडपातळ, नेटके, सदऱ्याची घडीसुद्धा न मोडलेले. माणूस वरून गोड. ओसरीवर बसले, पाणी घेतलं, उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, "विहीणबाई, मुलं आहेत. भांड्याला भांडं लागतं. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही. पिशवी भरलेलीच दिसतेय, तर निघावं म्हणतो ऊन चढायच्या आत."

पिशवी दाराशीच होती. लेकीने ती रिकामी केली नव्हती. आईने रडून घेतलं, हात धरला, सगळं खरं. पण 'जाऊ नकोस' हे शब्द काही आई बोललेली नव्हती, आणि न बोललेल्यावर भरवसा ठेवायचं तिने सोडलं होतं. ती आतल्या दाराला टेकून उभी होती.

काकू उठल्या. पिशवी उचलली. व्याह्यांनी घ्यायला हात पुढे केला. काकूंनी पिशवी आत नेली, खाटेवर उपडी केली, कपडे बाहेर काढले आणि रिकामी पिशवी खुंटीला अडकवून परत आल्या.

"ती येणार नाही," त्या म्हणाल्या.

व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "असं एकदम? भावनेच्या भरात बोलू नका. तुमची शेड बसली असं सगळे म्हणतायत. दोघी खाणार काय?"

मागे शेड किरकिरत होती. अजून थोडीच, पण किरकिरत होती. काकूंना त्यांना हाताला धरून नेऊन दाखवता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांना वाटलं, दाखवलं तर हा माणूस समजेल की शेड चालली म्हणून पोरगी ठेवली.

"शेड बसली असती तरी मी हेच म्हणाले असते. आणि तुमच्या मुलाला सांगा, कोठीची कडी काढून टाक म्हणावं. पुन्हा कुणाच्या लेकीला लागेल. चहा घेणार का?"

व्याह्यांनी चहा घेतला नाही. जाताना ते लोक काय म्हणतील ह्याबद्दल बरंच बोलले. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि फाटक लावलं.

परत आल्या तर लेक शेडमध्ये होती, ओट्याशी पाठ करून, भोपळ्याच्या फोडी करत. तिने मागे न बघता विचारलं, "शेड बसली असती तरी हेच म्हणाली असतीस?"

काकूंना 'हो' म्हणणं सोपं होतं. त्यांनी ओट्याला टेकून जरा दम घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसते म्हणाले. काल सकाळपर्यंत तर पाठवणारच होते तुला. भीतीने पाठवत होते, पण पाठवत होतेच." मग त्या लेकीजवळ गेल्या, आणि थंडीत तिच्यासाठी दार उघडलं तेव्हाच जे बोलायला हवं होतं, ते आता बोलल्या. "परत आलीस ते फार बरं केलंस, पोरी. माझं घर राखलंस."

लेकीच्या हातातली सुरी थांबली. तिने बाहीने डोळे पुसले, भोपळ्याची अर्धी फाक आईकडे सरकवली आणि म्हणाली, "बारीक कर. पिल्लांना मोठे तुकडे नकोत."